झेरॉक्स मशीनच्या हार्ड डिस्कमधली कागदपत्रं परत मिळतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात झेरॉक्स मशिनींची दुरुस्ती करताना आणि त्यांच्यातला डेटा काढून देताना तेच तेच प्रश्न येत राहतात. विचारणारे बहुतेक धंतोलीतले दवाखाने, सिव्हिल लाइन्समधले वकील आणि त्यांचे मुन्शी, महालातल्या पतसंस्था, हिंगणा एमआयडीसीतले अकाउंट्सवाले. ते प्रश्न लोक विचारतात त्याच शब्दांत खाली दिले आहेत. घाईत असाल तर एवढंच करा: मशीनच्या स्क्रीनवर ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशियलाइझ’ असं काही आलं असेल, तर त्याला बोट लावू नका आणि आधी प्रश्न ६ वाचा.

१. झेरॉक्स मशीनमध्ये खरंच हार्ड डिस्क असते का? आमच्या मशीनमध्ये आहे की नाही, कसं कळेल?

जमिनीवर उभी असते, ए३ कागद घेते आणि प्रिंट, स्कॅन, कॉपी तिन्ही करते अशी ऑफिसची मशीन असेल, तर बहुधा असते. टेबलावरच्या छोट्या ऑल-इन-वन प्रिंटरमध्ये सहसा नसते. त्यात थोडी मेमरी असते आणि वीज गेली की ती रिकामी होते. फार जुन्या ॲनालॉग मशिनींत साठवणूक हा प्रकारच नव्हता. दिव्याचा उजेड कागदावरून परावर्तित होऊन थेट ड्रमवर पडायचा आणि पान संपलं की विषय संपला.

ओळखायची सोपी खूण म्हणजे स्क्रीनवर ‘बॉक्स’, ‘मेलबॉक्स’, ‘डॉक्युमेंट सर्व्हर’, ‘ई-फायलिंग’ असं बटण आहे का ते पाहणं. शंका राहिली तर सेटिंगमधून कॉन्फिगरेशन पेज छापून घ्या. हार्ड डिस्क बसवलेली असेल तर त्यावर तशी नोंद येते. अलीकडच्या काही मशिनींत हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपवरची साठवणूक असते. तिच्याबद्दल प्रश्न ९ मध्ये आहे.

२. म्हणजे आजवर काढलेली प्रत्येक झेरॉक्स त्यात साठलेली आहे?

नाही. या गैरसमजामुळे एक तर लोक फार घाबरतात, नाही तर नको तेवढी आशा धरतात.

डिस्कवर तीन प्रकारचा माल असतो. पहिला, तुम्ही मुद्दाम बॉक्समध्ये ठेवलेल्या फायली. या पूर्ण असतात, नावासकट असतात आणि कोणीतरी काढेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत राहतात. दुसरा, काम चालू असताना तात्पुरती लिहिलेली पानं. पन्नास पानांच्या गठ्ठ्याच्या दहा प्रती काढायला सांगितल्या, की मशीन पानं एकदाच वाचते, डिस्कवर ठेवते आणि तिथून दहा वेळा छापते. काम संपलं की ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवली जाते, पण त्या जागेवर पुढचं काम येईपर्यंत जुन्या पानाचे अवशेष तिथे राहू शकतात. तिसरा माल म्हणजे ॲड्रेस बुक, फॅक्स आणि ईमेलचे पत्ते, कोणी कधी किती पानं काढली याच्या नोंदी.

पहिल्या प्रकारातलं परत मिळवणं बहुतेक वेळा सोपं असतं. दुसऱ्या प्रकारात काय हाती लागेल ते नशिबावर, आणि त्याहून जास्त मशीनच्या सेटिंगवर.

३. बॉक्समध्ये ठेवलेल्या फायली कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या?

मशीन चालू असेल तर पेचकस बाजूला ठेवा. हे काम ब्राउझरमधून होतं. मशीनचा आयपी पत्ता स्क्रीनवरच्या नेटवर्क माहितीत मिळतो. तो ऑफिसच्याच नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये टाकला, की मशीनचं स्वतःचं पान उघडतं. कॅननमध्ये त्याला रिमोट यूआय म्हणतात, रिकोमध्ये वेब इमेज मॉनिटर, कोनिका मिनोल्टात वेब कनेक्शन, क्योसेरात कमांड सेंटर आरएक्स, तोशिबात टॉपॲक्सेस. तिथून बॉक्स उघडून फाइल उतरवून घ्यायची.

यात एक अडचण हमखास येते. रिकोच्या बऱ्याच मशिनींत स्कॅन करून ठेवलेली फाइल सहज उतरते, पण कॉपी किंवा प्रिंट करताना साठवलेली फाइल उतरवायला ‘फाइल फॉरमॅट कन्व्हर्टर’ नावाचा वेगळा भाग बसवलेला असावा लागतो. फाइल यादीत दिसते, पण डाउनलोड काही होत नाही. ती खराब झाली असं समजू नका. मशीनवरूनच छापा आणि तोच कागद पुन्हा स्कॅन करा. शंभर पानं असली तरी अर्ध्या तासाचं काम आहे आणि यात डिस्कला कुठलाही धोका नाही.

४. शुक्रवारी बॉक्समध्ये ठेवलेली फाइल मंगळवारी गायब. कोणी मिटवली?

बहुतेक वेळा मशीननेच. बॉक्समधली फाइल ठरावीक मुदतीनंतर आपोआप काढून टाकण्याची सोय असते, आणि कारखान्यातून येताना ती चालूच असते. रिको आणि कॅननच्या पुष्कळ मशिनींत ही मुदत मुळात ३ दिवसांची असते. कोनिका मिनोल्टाच्या युझर बॉक्समध्ये बहुधा १ दिवसाची. मशीन बसवणाऱ्याने ती बदलली नसेल, तर शनिवार-रविवार मध्ये आले की फाइल गेली.

मला याचं वाईट वाटतं ते असं, की लोक बॉक्सला कपाट समजतात आणि त्यांना तसं समजायला भागही पाडलं गेलं. जुन्या मशिनी स्कॅन केलेली फाइल कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पाठवायला एसएमबी या नेटवर्कवरून फायली पाठवण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतात. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती मुळातच बंद असते. नवा कॉम्प्युटर आला, स्कॅन फोल्डरमध्ये जाईना, तेव्हा कोणीतरी सांगितलं, ‘बॉक्समध्ये टाका, तिथून घेऊ.’ तात्पुरती सोय कायमची झाली.

फाइल आज-कालच गेली असेल तर मशीन वापरणं लगेच थांबवा. प्रत्येक नवीन झेरॉक्स त्या मोकळ्या जागेवर लिहिली जाऊ शकते. पुढचं प्रश्न ७ आणि ९ मध्ये.

५. बॉक्सला पासवर्ड लावणारे बाबू नोकरी सोडून गेले. आता?

डिस्क काढायची गरज नाही. मशीनच्या ॲडमिनिस्ट्रेटरला बॉक्सचा पासवर्ड बदलता येतो. ॲडमिनचाच पासवर्ड कोणाला माहीत नसेल, तर ज्यांच्याकडे देखभालीचा करार आहे त्यांना बोलवा.

मी मात्र अशा कामाला ऑफिसच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र मागतो. बॉक्स ऑफिसचा असला तरी आत त्या माणसाचे स्वतःचे कागद असू शकतात. शक्य असेल तर त्यांना एक फोन करा. दहापैकी सात-आठ जण पासवर्ड फोनवरच सांगून मोकळे होतात.

६. मशीन सुरूच होत नाही, किंवा एरर दाखवते. आतल्या फायली गेल्या का?

मशीन बंद पडणं आणि डिस्क खराब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉवर सप्लाय गेला, फ्यूजर गेला, कंट्रोलर बोर्ड बिघडला, तरी डिस्क ठणठणीत असू शकते. म्हणून आधी मशीन दुरुस्त करून घ्या आणि फायली प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे बाहेर काढा. फक्त फायलींसाठी जुनी मशीन दुरुस्त करणं परवडत नाही असं वाटतं, पण डिस्क लॅबला पाठवण्यापेक्षा ते पुष्कळदा स्वस्त पडतं.

डिस्कशी संबंधित एरर वेगळी ओळखता येते. कॅननमध्ये ई६०२, रिकोमध्ये एससी ८६० आणि त्याच्या पुढचे काही आकडे. कोड दिसला की स्क्रीनचा फोटो काढा आणि मशीन बंद करा. पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. आतून टिक-टिक असा ठोक्यांचा आवाज येत असेल तर एकदाही चालू करू नका. तो डिस्कच्या हेडचा, म्हणजे तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या भागाचा आवाज असू शकतो, आणि बिघडलेलं हेड प्रत्येक फेरीत तबकडी खरवडू शकतं.

आता फॉरमॅटबद्दल. डिस्क वाचता आली नाही की काही मशिनी ती फॉरमॅट करायची का, असं विचारतात. मी या धंद्यात नवा असताना एका शाळेच्या ऑफिसात ‘होय’ दाबलं होतं. दहा मिनिटांत मशीन सुरू झाली, चाचणीचं पान स्वच्छ निघालं, चहा आला. मग हेडक्लार्क बाईंनी बॉक्स उघडला. दाखलखारीज रजिस्टरच्या जुन्या, कडा झडलेल्या पानांचे स्कॅन त्यांनी कित्येक दुपारी बसून त्यात ठेवले होते. स्क्रीनवर नुसती रिकामी यादी. बाई मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं आणि पहिल्या पानापासून परत सुरुवात केली. तेव्हापासून मशीन उघडण्याआधी माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: ‘बॉक्समध्ये काही ठेवलंय का?’ तुमच्याकडे येणाऱ्या इंजिनियरने तो विचारला नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

७. डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तर फायली दिसतील ना?

दिसणार नाहीत, आणि धोका इथेच सर्वात जास्त आहे. मशीनच्या मागचं किंवा बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं की कंट्रोलर बोर्डाजवळ एका पत्र्याच्या चौकटीत डिस्क बसवलेली दिसते. बहुतेक वेळा लॅपटॉपमध्ये असते तशीच अडीच इंची, साटा जोडणीची. ओळखीची वस्तू पाहून हात शिवशिवतो. ती विंडोजला जोडली की विंडोज म्हणते, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा, किंवा इनिशियलाइझ करा. कारण मशीनची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत, विंडोजची नसते. काही मशिनी लिनक्सवर चालतात, रिकोच्या अनेक मशिनी नेटबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर. डिस्क खराब नसते, विंडोजला ती भाषा वाचता येत नाही एवढंच. आणि तुम्ही ‘ओके’ दाबलं की विंडोज त्यावर स्वतःचं लिहायला लागतं.

खरी पद्धत अशी. डिस्क ‘राइट ब्लॉकर’मधून जोडायची, म्हणजे तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही. मग तिची सेक्टर-सेक्टरने पूर्ण नक्कल काढायची. डिस्क अशक्त असेल तर डीडीरेस्क्यूसारखं साधन वापरायचं, जे आधी सहज वाचता येणारा भाग घेतं आणि अडलेल्या जागांवर नंतर येतं. पुढचं सगळं काम नकलेवर. पानं टिफ किंवा जेपेग स्वरूपात असतील तर फोटोरेकसारख्या साधनाने त्यांच्या सुरुवातीच्या खुणांवरून वेचता येतात. जेबिगसारख्या स्वरूपात, तेही मशीन बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पद्धतीने ठेवलेली असतील, तर साधी साधनं काहीच दाखवत नाहीत आणि फॉरेन्सिक लॅबकडे जावं लागतं.

हाती काय लागतं, तेही आधीच समजून घ्या. नावं नसतात, क्रम नसतो, पानागणिक वेगळा तुकडा असतो. एका वकिलांच्या मशीनच्या डिस्कमधून आलेलं एक पान मला अजून आठवतं. वर स्टॅम्प पेपरची नक्षी आणि ‘शंभर रुपये’ अगदी लख्ख, खाली मजकुराच्या चार ओळी, आणि पाचव्या ओळीपासून तळापर्यंत नुसते करडे पट्टे. तिथून पुढची जागा दुसऱ्या कामाने व्यापली होती. वकीलसाहेबांना हवं होतं ते पक्षकारांच्या सह्यांचं पान, ते मिळालं नाही.

८. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मशीनमध्ये डिस्क टाकून पाहिली तर?

करू नका. ती मशीन डिस्क परकी म्हणून नाकारेल किंवा फॉरमॅट करायला बघेल. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक स्वरूपात लिहिलेली असेल, तर ती उलगडणारी किल्ली मूळ मशीनच्या बोर्डावर किंवा टीपीएम या किल्ल्या जपणाऱ्या चिपमध्ये असते, डिस्कवर नसते. किल्लीशिवाय डिस्कवरचं सगळं निरर्थक आकडे असतात. तोशिबाच्या काही मशिनींतली डिस्क तर अनोळखी यंत्राला जोडली की आतला डेटा स्वतःहून निकामी करते.

म्हणून जळालेला बोर्ड भंगारात देऊ नका. एन्क्रिप्शन असलेल्या मशीनमध्ये त्याच बोर्डाची दुरुस्ती हाच कित्येकदा एकमेव रस्ता असतो. कॅननच्या ज्या मशिनींत टीपीएम वापरलं आहे, तिथे किल्लीची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवता येते. मशीन धडधाकट असतानाच ती काढून घ्या आणि पेन ड्राइव्ह तिजोरीत ठेवा.

९. ‘ओव्हरराइट’ सुरू असेल तर काही मिळेल का?

नाही. ओव्हरराइट म्हणजे जुन्यावर नवीन लिहून ते पुसणं, आणि जिथे एकदा खरोखर नवीन लिहिलं गेलं, तिथलं जुनं आजच्या डिस्कमधून परत येत नाही, कोणी कितीही आश्वासन दिलं तरी. रिकोत याला डेटा ओव्हरराइट सिक्युरिटी म्हणतात, झेरॉक्स कंपनीच्या मशिनींत इमेज ओव्हरराइट. हे सुरू असेल तर काम संपताच तात्पुरती पानं पुसली जातात. एसएसडीतही मिटवलेलं परत मिळण्याची आशा फार कमी, कारण मोकळ्या झालेल्या जागा ती स्वतःच आतून साफ करत असते.

१०. अंबाझरीच्या पुरात मशीन पाण्यात होती. डिस्क वाचते का?

हा प्रश्न २०२३ नंतर फार आला. २२ सप्टेंबरच्या रात्री सुरू झालेल्या पावसाने २३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, आणि तळमजल्यावरच्या दुकानांत, ऑफिसांत मशिनी चिखलात उभ्या राहिल्या.

डिस्क वाचू शकते, पण पहिल्या दिवशी काय केलं त्यावर ते ठरतं. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सांभाळण्यासाठी गाळणी असलेलं एक बारीक छिद्र असतं आणि त्यातून पाणी आत जातं. मशीन वाळवून ‘चालते का बघू’ म्हणून वीज दिली की आतला गाळ फिरत्या तबकडीवर घासला जातो. उन्हात ठेवणं, हेअर ड्रायर मारणं, तांदळाच्या डब्यात ठेवणं यांपैकी काहीही करू नका. पाणी सुकतं, गाळ आणि क्षार मात्र चिकटून बसतात. डिस्क काढून ओलसर असतानाच घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि क्लीन रूम (धूळविरहित खोली) असलेल्या लॅबला लवकरात लवकर पाठवा. घरी उघडायची तर मुळीच नाही.

११. खर्च किती येतो?

डिस्कची अवस्था पाहिल्याशिवाय जो आकडा सांगतो त्याच्याकडे देऊ नका. तपासणीचं शुल्क वेगळं की त्यातच, फाइल मिळाली नाही तर काय द्यायचं, आणि डिस्क परत मिळणार का, हे तिन्ही लेखी घ्या.

१२. मशीनमधून काढलेली फाइल कोर्टात चालते का?

चालू शकते, पण नुसता प्रिंट आउट पुरेसा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ ब ची जागा त्यातल्या कलम ६३ ने घेतली. त्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक मशीन किंवा नोंद ताब्यात असलेल्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडी ठसा, लिहावी लागते. म्हणून प्रश्न ७ मधली नक्कल काढतानाच हॅश नोंदवून ठेवावी. नंतर आठवण झाली तर मधल्या काळाचा हिशेब देणं अवघड जातं.

प्रकरण पोलिसांत गेलेलं असेल किंवा जाणार असेल, तर मशीन उघडूच नका. पंचनाम्याआधी तुम्ही काढलेली डिस्क समोरच्या वकिलाच्या हातात आयता मुद्दा देते.

१३. भाड्याची मशीन परत करतोय. फायली काढल्या, आता पुसायची गरज आहे का?

आहे. २०१० मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या पत्रकारांनी न्यू जर्सीतल्या एका गोदामातून चार जुन्या मशिनी विकत घेतल्या. एकीत बफेलो शहराच्या पोलिसांच्या लैंगिक गुन्हे विभागाची कागदपत्रं निघाली, दुसरीत ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेच्या लोकांच्या वैद्यकीय नोंदी. त्या संस्थेने भाड्याच्या मशिनी डिस्क न पुसता परत केल्या होत्या. ३,४४,५७९ लोकांची माहिती उघडी पडली असावी असा अंदाज तिने स्वतःच कळवला, आणि २०१३ मध्ये १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. डेटाच्या सुरक्षेत हयगय केल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. धंतोलीतला लहान दवाखानाही या कायद्याच्या कक्षेत येतो, कारण त्यांच्या मशीनवर रुग्णांचे रिपोर्ट रोज निघतात.

पुसायची सोय मशीनमध्येच असते: रिकोत ‘इरेज ऑल मेमरी’, कोनिका मिनोल्टात ‘ओव्हरराइट ऑल डेटा’, कॅननमध्ये ‘इनिशियलाइझ ऑल डेटा/सेटिंग्ज’. आधी बॉक्स आणि ॲड्रेस बुक बाहेर काढा, मग पुसा. कित्येक तास लागू शकतात, म्हणून संध्याकाळी लावा आणि यूपीएस तपासून घ्या. मध्येच वीज गेली तर परत पहिल्यापासून. मशीन बंद पडली असल्याने पुसता येत नसेल, तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा आणि भाड्याच्या करारातच तसं लिहून घ्या.

१४. जुनी मशीन विकत घेतली, त्यात आधीच्या मालकाचे कागद निघाले. काय करू?

उघडून वाचू नका, कोणाला दाखवू नका, ‘सापडलं बघा’ म्हणून व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नका. मशीन स्थानिक ऑफिसची असेल तर विकणाऱ्यामार्फत त्यांना कळवा. त्यांना तीच फाइल हवी असेल तर देऊन टाका आणि त्यांच्याकडून लेखी पोच घ्या. मग प्रश्न १३ प्रमाणे पुसा. परदेशातून आलेल्या जुन्या मशिनीत मूळ मालक सापडत नाही, तिथे सरळ पुसा.

१५. दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स काढली. ती दुकानदाराच्या मशीनमध्ये राहिली असेल का?

साध्या कॉपीचे अवशेष थोडा काळ राहू शकतात, पण दुकानात दिवसाला शेकडो पानं निघतात आणि ती जागा लवकर भरते. खरी काळजी दुसरीकडे करा. तुम्ही आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवली असेल, तर ती त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये तुमच्या नावासकट पडून असते आणि पुढचा गिऱ्हाईक आपली फाइल शोधताना ती सहज पाहतो. प्रिंट हातात आली की समोर उभं राहून ती काढायला लावा, रिसायकल बिनमधूनही. दुकानदार नाही म्हणत नाहीत. जिथे चालत असेल तिथे यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून घेतलेलं मास्क्ड आधार द्या. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात.